पिंपातलं पाणी

ताईच्या शेवाळखोलीत धुळीला शिरायचं असतं, तर तिलाही दारात चपला काढून, कोपरापर्यंत हात धुऊन मगच आत यावं लागलं असतं. हॅचरीतले सगळे असं म्हणायचे आणि ताईच्या पाठीमागेच म्हणायचे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

हॅचरी कालवांची होती. खाडीच्या काठावर पत्र्याच्या छपराची लांबट इमारत, आत टाक्यांची रांग, आणि टाक्यांमध्ये कालवांची पिल्लं, इतकी बारीक की पाण्यात कुणी चिमूटभर पीठ टाकलंय असं वाटावं. या पिल्लांचं खाणं म्हणजे समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. त्याची सुटी पेशी डोळ्याला दिसत नाही, पण काचेच्या बुधल्यात ते वाढलं, दाटलं, की पाण्याला रंग चढतो. ताईच्या शेवाळाचा रंग मधासारखा होता, म्हणून सगळे त्याला ‘सोनेरी’ म्हणत. ऐन तरुणपणी ताईनं ते समोरच्याच खाडीतून उचलून आणलं होतं, मायक्रोस्कोपला डोळे लावून एकेक पेशी वेगळी करत. मग विरजण लावावं तसं जुन्या बरणीतलं थोडं नव्या बरणीत, नव्यातलं थोडं पुढच्या बरणीत, असं तिनं ते हयातभर जगवलं. दुसरीकडे कुठं ते नव्हतं. खाडीतही आता ते सापडत नसे.

एवढ्या चकचकीत कारभारात एकच गोष्ट ओंगळ होती. मागच्या दाराशी एक रंग उडालेलं पिंप असायचं, खाडीच्या पाण्यानं भरलेलं, वर बुरसट साय धरलेलं, आणि आत नळ्यांची वेटोळी. नव्या नळ्यांचा पुडा आला की ताई तो फोडून आधी या घाणीत बुडवायची आणि विसरून गेल्यासारखी कित्येक महिने बाहेर काढायची नाही. काढली की घासायची, उकळायची, मग ती नळी खोलीत जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं लोक हसत. का ठेवलंय म्हणून कुणी विचारलं, तर ताई म्हणायची, “असू दे.”

धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. ती टाक्यांकडच्या कामाला होती. केस पिकायला लागले तरी हॅचरीत तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण ताई होती तोवर दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. धाकटी म्हणजे वेंधळी, धाकटी म्हणजे अर्धवट, धाकटी म्हणजे झाकण उघडं ठेवणारी. हे सगळं ताईनंच पसरवलेलं, आणि त्यातलं निम्मं खरंही होतं.

ताई आजारी पडली आणि उठली नाही. शेवटी शेवटी हॉस्पिटलात, भिंतीकडं तोंड करून पडलेली असताना तिनं धाकटीला जवळ बोलावलं.

“सोनेरी आता तुझ्याकडं.”

“हो.”

“आणि मागचं पिंप आहे तसं राहू दे. कुणाला हात लावू देऊ नकोस.”

“का गं?”

“सांगितलं तेवढं कर.”

ही ताईची जन्माची रीत. कारण सांगायचं नाही, हुकूम सोडायचा. धाकटीनं तिचा हात धरून “बरं” म्हटलं, आणि त्या क्षणी तिला ते अगदी मनापासून वाटलंही होतं.

पण ताई गेली, आणि शेवाळखोलीची किल्ली हातात आली त्या सकाळी धाकटीचं मन फिरलं. खुंटीवर ताईचा पांढरा कोट होता. बुधल्यांची रांग मंद उजेडात मधासारखी चमकत होती, हवेचे बुडबुडे गुळगुळत होते. आणि या सगळ्यात नळ्या बघवत नव्हत्या. पिवळ्या पडलेल्या, ताठ झालेल्या, जुन्या दातांसारख्या. धाकटीला वाटलं, आता लोक बघतील. ताईच्या जागी वेंधळी आली, आता खोलीचं वाटोळं होणार, असं ज्यांना वाटतंय त्यांना आपण दाखवून देऊ.

तिनं मालकांकडून नव्या नळ्या मागवल्या. हवेच्या मऊ पारदर्शक नळ्या, प्रत्येक बुधल्याला एक. समुद्राचं गाळलेलं पाणी खोलीत आणणारा जाड होजही नवा. सगळं एका झटक्यात बदललं. पुडे फोडताना तो वास आला, नव्या कोऱ्या वस्तूचा. लहानपणी ताईला एक बाहुली आली होती, तिच्या खोक्याला असाच वास होता. बाहुली धाकटीच्या हाती कधी लागली नाही, खोकं मात्र लागलं, आणि ते छातीशी धरून ती हुंगत बसायची. आज तिनं नळीचं वेटोळं तसंच नाकाशी धरलं आणि मनसोक्त हुंगलं.

मग ती मागच्या दाराशी गेली. पिंपाला खांदा लावून तिनं ते कलंडवलं. काळपट पाणी भसकन मोरीत गेलं, भिजलेल्या नळ्या जमिनीवर पसरल्या. त्या नळ्या आणि खोलीतल्या जुन्या नळ्या तिनं एकाच पोत्यात भरून भंगारात दिल्या, पिंप घासून उपडं ठेवलं. वचन मोडलं म्हणून छातीत थोडं धडधडलं, नाही असं नाही. पण त्याहून मोठा होता तो सुटल्याचा आनंद. सांगितलं तेवढं करायचे दिवस संपले होते.

रंग आधी कडेच्या बुधल्याचा उतरला. धाकटीला वाटलं, उजेड कमी पडतोय. तिनं बुधला दिव्याजवळ सरकवला. मग शेजारचा फिका पडला, मग त्याच्या पलीकडचा. मध पातळ होत होत नुसतं पाणी राहावं तसं. बुधल्याच्या तळाशी करडा गाळ बसू लागला, आणि हलवला तर तो उठायचा, थोडा तरंगायचा, परत बसायचा.

धाकटीनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. तिला जे येत होतं ते सगळं तिनं केलं, आणि जे येत होतं ते एकच होतं: स्वच्छता. फिक्या बुधल्यातलं जे काही जिवंत असेल ते नव्या, निर्जंतुक केलेल्या बुधल्यात घ्यायचं, त्यावर नव्या होजमधून आलेलं ताजं पाणी ओतायचं, आणि नवी नळी सोडायची, कारण आधीच्या नळीला रोग लागला असेल. बियाण्याच्या बरण्या, ज्यांवर सगळं उभं होतं, त्यांनाही तिनं ताजं पाणी दिलं. आजाऱ्याला पथ्याचं खायला घालावं तशी ती पाणी घालत राहिली. जितकी ती जपत होती तितकं ते झपाट्यानं मरत होतं. करायला गेले एक आणि झाले भलतेच, पण ते भलतं काय झालंय हेच तिला कळत नव्हतं.

आणि मग आवाज सुरू झाला.

ताईची एक सवय होती. सकाळी खोलीत आली की ती प्रत्येक बुधल्याच्या काचेवर नखानं टकटक करायची, बुडाशी बसलेलं शेवाळ उठवायला. टक टक, पुढचा बुधला, टक टक. टाक्यांकडं काम करणाऱ्यांना भिंतीपलीकडून तो आवाज रोज ऐकू यायचा. ताई गेल्यावर तो थांबला होता. आता धाकटी पाठमोरी उभी राहून बरण्या धूत असताना तो यायला लागला. टक टक. ती वळायची. कुणी नाही. खुंटीवर ताईचा कोट, आणि फिके बुधले, उघड्या राहिलेल्या डोळ्यांसारखे तिच्याकडं बघणारे. मऊ नळी हवेनं हलून काचेवर आपटत असेल, असं ती स्वतःला समजवायची. पण नळी आपटली तर कशीही आपटेल. हा आवाज रांगेतून एकेक बुधला घेत पुढं सरकायचा, आणि तिच्या पाठीशी येऊन थांबायचा.

तिच्या जिवाचं पाणी झालं. तिनं कोट खुंटीवरून काढायचं ठरवलं आणि हात पुढं करून तसाच मागं घेतला. त्या कोटाला ताईच्या साबणाचा वास राहिलाच नव्हता. त्याला नव्या नळ्यांचा वास लागला होता. खोलीभर तोच वास होता. धाकटीच्या केसांना, हातांना, घरी गेल्यावर उशीलासुद्धा.

मालक दारातूनच डोकावले. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले माणूस होते.

“धाकट्या बाई, पिल्लं उपाशी आहेत. मी दुसऱ्या हॅचरीतून शेवाळ मागवतोय.”

“सोनेरी दुसरीकडं कुठं मिळत नाही.”

“नसेना का. शेवाळ ते शेवाळ. पिल्लांना काय, पोट भरल्याशी मतलब.” ते जायला वळले, मग थांबून म्हणाले, “तुमचा दोष नाही हो. एकेकाच्या हाताला यश असतं.”

हे तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मालकांना पिल्लं जगवायची होती, ती कशावरही जगली असती. पण ताईला मूलबाळ नव्हतं. फोटोसुद्धा ती काढू द्यायची नाही. जगात ताईच्या हातचं जिवंत असं जे काही उरलं होतं ते या बुधल्यांमध्ये होतं, आणि ते धाकटीच्या हातून मरत होतं. शेवटच्या बरणीतलं पाणी तिनं मायक्रोस्कोपखाली धरलं. जिथं सोनेरी ठिपके लगबग करायचे तिथं फुटकी, रिकामी कवचं नुसती तरंगत होती. खोलीत सोनेरी संपलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते तिला तिथंच, मायक्रोस्कोपवरून डोकं उचलता उचलता आठवलं. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सोनेरीची एक बरणी होती.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. आता काम कमी करून घरीच असत. धाकटी गेली तेव्हा ते टेबलाशी बसून काहीच करत नव्हते. खिडकीत, दुपारच्या उन्हाच्या कडेला, कापसाचा बोळा लावलेली काचेची बरणी होती. आतलं पाणी मधाच्या रंगाचं होतं. इतके दिवस तो रंग न दिसल्यामुळं धाकटीचे डोळे एकदम भरून आले.

“भाऊजी, थोडं द्याल?”

भाऊजींनी बरणीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“तिकडचं?”

“गेलं.”

“सगळं?”

तिनं मान हलवली. भाऊजी अगदी शांतपणे म्हणाले, “तू हेही मारशील, धाकटे.”

ते रागानं बोलले असते तर ती भांडली असती. ताईशी ती आयुष्यभर भांडली होती, तिला भांडण सोसत होतं. हे शांत बोलणं सोसेना. ती तिथंच खुर्चीत बसून रडली, तोंडाला ओढणी लावून, शाळेतून मार खाऊन आल्यासारखी. भाऊजींनी पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवला. मग उठून बरणी खाली घेतली, अलगद गोल फिरवली, आणि त्यातलं निम्मं एका काचेच्या बाटलीत ओतून दिलं.

“निम्मंच,” ते म्हणाले. “रोज सकाळी हिच्याशी दोन शब्द बोलतो मी. निम्मीशी तरी बोलता येईल.”

तिनं ते निम्मं छातीशी धरून खोलीत आणलं. सगळ्यात स्वच्छ बुधला घेतला, ताजं पाणी, कोरी नळी. दोनच दिवसांत ते फिकं पडायला लागलं. चौथ्या दिवशी ते गेलं. त्या सकाळी रांगेतून टकटक सरकत आली ती तिच्या पाठीशी थांबली नाही, थेट त्या बुधल्यावर आली, आणि धाकटी हातातलं सगळं टाकून, दिवे चालू, दार उघडं, तशीच बाहेर पळाली.

ती भाऊजींच्याच घरी गेली, दुसरीकडं कुठं जाणार? कबूल करायला गेली होती. पण आत पाऊल टाकलं तर भाऊजी खिडकीशी उभे. त्यांनी स्टीलच्या पातेल्यात खाडीचं पाणी आणून, उकळून, गार केलं होतं, आणि एका बोटभर जाड नळीनं ते बरणीत घालत होते. बरणी काठोकाठ मधासारखी झाली होती. मागं राहिलेलं निम्मं वाढून पुरं झालं होतं.

तेच शेवाळ. तीच खाडी. इथं, तेलकट स्वयंपाकघरात, बोटीच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांखाली ते जगत होतं, आणि तिकडं, जिथं माशीला मज्जाव होता, तिथं मरत होतं.

“ती नळी कुठली?” धाकटीनं विचारलं.

“ही होय? तुझ्या ताईनंच दिलेली. पिंपातली.”

तिनं ती नळी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. पिवळी, ताठ, जुन्या दातासारखी. नाकाशी धरली. कसलाच वास नव्हता. तिनं डोळे मिटून पुन्हा हुंगलं. काहीच नाही, जरासा खारट, समुद्राचा. आणि मग तिला स्वतःच्या बाहीचा वास आला, बाहुलीच्या खोक्याचा.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. हॅचरीत काम करणाऱ्या कुणालाही हे ऐकून माहीत असतं, की प्लास्टिक म्हणजे नुसतं प्लास्टिक नसतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात एक काही घालतात, उन्हानं तडकू नये म्हणून दुसरं, लवकर कुजू नये म्हणून तिसरं. हे घातलेलं काही त्यात घट्ट बसत नाही. पाणी लागलं की हळूहळू सुटून बाहेर येतं, आणि वस्तू जितकी नवी तितकं जास्त येतं. माणसाला त्याचा वास येतो, इतकंच. पण ज्याचं सगळं अंगच एका पेशीचं आहे त्याला ते वासासारखं वरवर कसं लागेल? त्याच्या तर पोटातच जाणार. धाकटीला हे ठाऊक होतं आणि तिनं ते नाकाशी धरून हुंगलं होतं. जुनं ते सोनं म्हणतात. इथं जुन्या नळ्यांनीच सोनं राखलं होतं, आणि तिनं त्या भंगारात दिल्या होत्या.

तरी खात्री हवी. तिनं भाऊजींच्याच टेबलावर तीन पेले मांडले. तिन्हींत पातेल्यातलं पाणी आणि बरणीतलं चमचाभर सोनेरी. एकात काही नाही. एकात जुन्या नळीचा तुकडा. एकात खिशात राहिलेला नव्या नळीचा तुकडा. भाऊजी रोज तिन्ही पेले हलवत आणि तिन्हींशी बोलत, कुणावर अन्याय नको म्हणून. पहिले दोन पेले हळूहळू मधाळ झाले. तिसरा पांढरा पडला.

त्या तिसऱ्या पेल्यासमोर बसून धाकटीनं सगळं सांगितलं. पिंप, वचन, भंगार, सगळं.

भाऊजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी तिच्याही सगळ्या बरण्या गेल्या होत्या. अशाच. नव्या नळ्या आल्या होत्या तेव्हा. एक चंबू तेवढा कसाबसा वाचला. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर ते पिंप आलं.”

“मग मला सांगितलं का नाही? नुसतं हात लावू नको, हात लावू नको! एक वाक्य सांगायला काय झालं होतं तिला?”

“ते वाक्य सांगायचं तर आधी स्वतःची चूक सांगावी लागली असती,” भाऊजी म्हणाले. “आणि तीही तुला.”

धाकटी हसली, आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं की पेला हलला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मरताना भिंतीकडं तोंड करून पडलेल्या बाईनं तेवढं एक वाक्य गिळलं होतं, आणि धाकटीनं त्याच पिळापायी तिचं सगळं आयुष्य जवळजवळ मोरीत ओतलं होतं. दोघी बहिणीच होत्या, दुसरं काय.

पुढं सगळं सावकाश झालं. नव्या नळ्या खोलीतून गेल्या. भाऊजी काचेच्या बरणीतून खाडीचं पाणी आणून देत, धाकटी ते काचेतच उकळायची, काचेतच ठेवायची. खिडकीतल्या बरणीतून पहिला बुधला झाला, त्यातून दुसरा. सकाळी येऊन ती नखानं काचेवर टकटक करायची, आणि आता दुसरं कुणी करत नव्हतं. मालक म्हणाले, “आलं की हो यश हाताला!”

पण काचेवर हॅचरी चालत नाही. मोठ्या टाक्यांना हवा द्यायची तर नळ्या लागतातच. म्हणून धाकटीनं पिंप सरळ केलं, खाडीच्या पाण्यानं भरलं आणि नव्या नळ्या त्यात बुडवल्या. महिन्याभरात पाण्यावर साय धरली. लोक हसले. कुणीतरी विचारलं, का ठेवलंय? धाकटीचं तोंड “असू दे” म्हणायला उघडलं होतं. ते तिनं मिटलं, आणि विचारणाऱ्याला बसवून घेऊन सगळं कारण सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. तेवढं एक तिनं ताईपेक्षा बरं केलं.

नळ्यांतून जे सुटायचं ते पाण्यात उतरतं, म्हणून पिंपातलं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. एका सुट्टीच्या दुपारी त्यासाठी भाऊजी आले. एकटीला भरलं पिंप नीट कलंडवता येत नाही, रिकाम्या इमारतीत धडपडलीस तर कुणाला कळायचं नाही, म्हणाले.

“तुझी ताई आणि मी दोघं मिळून करायचो. असंच, सुट्टीच्या दिवशी, कुणी नसताना.” त्यांनी पिंपाच्या काठाला हात लावला. “पाणी जायला लागलं की ती तोंड फिरवायची. वास येतो म्हणायची. मला कधी आला नाही, पण माझं नाक इंजिनाच्या धुरात गेलेलं.”

“आणि मग?”

“मग काचनळी घेऊन खाली खाडीवर जायची. पाणी आणायची, मायक्रोस्कोपखाली बघायची. काय दिसलं ते कधी बोलली नाही. पुढं पुढं जायचीच बंद झाली.”

धाकटीनं मोरीकडं बघितलं. मोरी भिंतीच्या कडेनं उतरत जात होती आणि तिच्या शेवटी खाडी होती. हीच खाडी. इथूनच ताईनं एका काचनळीत सोनेरी उचललं होतं, पाणी मधासारखं दिसायचं तेव्हा. आता ते राखाडी, काठाला बाटल्या, दोर, बोटींच्या रंगाचे पापुद्रे. एका पिंपानं खाडी मरत नाही. वरच्या वस्तीतल्या टाक्या, पिशव्या, कारखान्यांचं पाणी, सगळं शेवटी इथंच येत होतं, त्यात हे पिंप म्हणजे चूळ. पण ताईला ते चूळ वाटलं नसणार. ती ज्याला आत काचेत जगवत होती त्याच्याच भाऊबंदांवर बाहेर हे पाणी सोडत होती, आणि आत जगवायचं म्हणूनच सोडत होती, आणि मग खाली जाऊन मोजत होती किती उरले.

दुसरीकडं कुठं ओतावं? धाकटीनं खरंच विचार केला. जमिनीत ओतलं तर उतार खाडीकडं. आतल्या बेसिनमध्ये ओतलं तरी खाडीत. डब्यांत भरून ठेवलं तर डबे प्लास्टिकचे, आणि किती भरणार? या इमारतीतली प्रत्येक मोरी खाडीलाच मिळत होती. आणि आत सोनेरी वाढत होतं, पिल्लांची तोंडं उघडी होती, नळ्या लागणार होत्या.

ती पिंपावर वाकली आणि पाणी हुंगलं. कसलाच वास नव्हता. मीठ, शेवाळ, बस्स.

आत खोलीत टकटक होत नव्हती. इतके दिवस तिला वाटत होतं, ताई आत आहे, बुधल्यांच्या रांगेत, तिच्यावर चिडलेली. ताई आत नव्हतीच. ती इथं होती, मोरीच्या कडेला. तिला धाकटीला रागवायचं नव्हतं. ती इतकी वर्षं जे एकटीनं सोसत आली होती त्याला आता सोबत मिळाली होती, एवढंच, आणि ताईसाठी धाकटीचं काळीज पहिल्यांदाच तुटलं.

“हं, लाव जोर,” भाऊजी म्हणाले.

दोघांनी खांदा लावला. पिंप कलंडलं. पाणी भसकन मोरीत उतरलं, उताराला लागलं आणि खाडीकडं धावत सुटलं. धाकटीनं ठरवलं होतं की आपण बघायचं, शेवटपर्यंत बघायचं. तिची मान आपोआप फिरली.

भाऊजी तिच्याकडं बघतच राहिले.

“काय गं? तुलाही वास येतो?”

“हो,” भिंतीकडं तोंड करून धाकटी म्हणाली. “फार येतो.”